सोळाची रेघ

“सोळा म्हणजे कुठवर, ते एकदा बोट ठेवून दावा बाई,” शेवंता म्हणाली आणि वर्गातल्या बाकीच्या पाचजणी खाली मान घालून हसल्या. मीही हसले. त्यांनी निदान तोंडाला पदर तरी लावला होता, मी तेवढीही तसदी घेतली नाही.

ही गोष्ट इचलकरंजीतली, सतरा वर्षांपूर्वीची. एका ट्रस्टच्या इस्पितळात पहिल्या मजल्यावर, जिथं पूर्वी मोडक्या खाटा टाकलेल्या असायच्या त्या खोलीत, दर गुरुवारी अकरा वाजता मी इन्सुलिनचा वर्ग घ्यायचे. दिवस गेलेत आणि रक्तात साखरही निघाली आहे, अशा बायकांना सिरिंज कशी भरायची, कुठं टोचायची, टोचल्यावर किती वेळानं जेवायचं, हे सगळं शिकवायचं. मी पुण्याची, वय बत्तीस, नर्सिंग करून वर तीन महिन्यांचा मधुमेहाचा कोर्स केलेली, आणि त्यात पहिली आलेली. ते प्रमाणपत्र काचेत बसवून मी टेबलामागच्या भिंतीवर लावलं होतं, खोलीत शिरणाऱ्याची नजर आधी तिकडंच जावी अशा उंचीवर. ते इंग्रजीत होतं. वर्गातल्या सहापैकी पाचजणींना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण ते तिथं असण्याचा मला आधार वाटायचा.

शेवंता हुक्किरे कांड्या भरायची. यंत्रमागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवावी लागते. दिवसभर बसून अशा शेकड्यांनी कांड्या भरायच्या, हे तिचं काम. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू घेऊनच ती वर्गाला यायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आकडेसुद्धा ओळखू येत नव्हते. आधीची दोन मुलं गेली होती. एक आठव्या महिन्यात पोटातच गेलं, दुसरं सव्वाचार किलोचं जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. त्या दोन्ही वेळी तिची साखर तपासावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आता तिसऱ्या वेळी तपासली, आणि मोठ्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडं पाठवलं.

“हे तरी जगूदे बाई,” पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली. “तुम्ही सांगशीला तसं करतो.”

‘करतो.’ कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल अशा पुरुषासारख्या बोलतात, मी येतो, मी जातो. मला ते फार विनोदी वाटायचं. तिची दोन मुलं गेली आहेत हे ऐकून मी कागदावर वय आणि वजन लिहिलं, आणि संध्याकाळी मेसमध्ये ‘करतो’ची नक्कल करून दाखवली.

तर त्या दिवशी मी तिला सोळाच्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं. तिनं कमरेच्या पिशवीतून पिवळा दोरा काढला, सिरिंजभोवती बरोबर त्या रेघेवर दोन वेढे दिले, गाठ मारली आणि उरलेला दोरा दातानं तोडला. निर्जंतुक सिरिंज, आणि ही बाई दातानं दोरा तोडते आहे. मी कपाळावर हात मारून घेतला. वर्गाला म्हटलं, बघा, हे असं करायचं नाही. तिनं मात्र दोऱ्यापर्यंत पाणी ओढलं, नखानं टिचकी मारून बुडबुडा घालवला, पुन्हा दोऱ्यापर्यंत आणलं. मला तीन महिन्यांच्या कोर्समध्ये कुणाचंही पहिल्या फटक्यात इतकं नीट भरलेलं दिसलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही.

माझी लाडकी होती सुचेता पाटणे. प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस गेलेले. तिची वही बघण्यासारखी असायची. तांबड्या शाईचा समास, तारीख, वेळ, साखर, युनिट, सगळं रकान्यांत. ‘शंका’ असाही एक रकाना होता, आणि मला विचारून झालं की ती त्यात बरोबरची खूण करायची. तिची वही मी वर्गात उंच धरून दाखवायचे. सगळ्या बायकांना मी अगं-तुगं करायचे, फक्त सुचेताला ‘तुम्ही’ म्हणायचे. माणसाला त्याच्या वहीवरून मान द्यायचा असतो असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

मी वर्गासाठी एक वाक्य तयार केलं होतं. ‘आकडा बघा, आकडा खोटं बोलत नाही.’ पुठ्ठ्यावर लिहून ते मी प्रमाणपत्राच्या खाली टांगलं. वर्ग सुटताना सगळ्यांकडून म्हणून घ्यायचे. डोकं चालवू नका, रंग बघू नका, शेजारणीचं ऐकू नका, आकडा बघा. शेवंताही म्हणायची. तिला आकडा दिसत नव्हता, पण ती म्हणायची.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात स्टोअरमधल्या माणसानं जिन्यात गाठून मला सांगितलं, की लाल टोपणाच्या सिरिंजा संपल्या आहेत, केशरी टोपणाच्या आल्या आहेत, त्या चालतील ना? मी घाईत होते. पुण्याहून एक पाहणी पथक आमचा वर्ग बघायला येणार होतं, ट्रस्टी मंडळी त्या धामधुमीत होती आणि मी तर सगळ्यांत पुढं. टोपणाच्या रंगानं काय बिघडतं, असं म्हणून मी खोका उचलला. वर्गात सगळ्यांना मोजून वाटल्या. टोपण बदललंय, बाकी काही नाही, आकडा तोच, असं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुचेतानं वहीत लिहून घेतलं, “टोपण केशरी. आकडा तोच.”

पुढच्या गुरुवारी शेवंता सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. त्यात दोन सिरिंजा, एक पिवळा दोरा बांधलेली जुनी आणि एक नवी. मी आत येताच ती उठली.

“बाई, औषध कमी भरतंय.”

मी विचारलं, म्हणजे काय? तिनं दोन्ही सिरिंजा शेजारी धरल्या. जुनीतलं पाणी दोऱ्याला लागलेलं, नवीतलं सोळावर. शेजारच्या मुलाकडून तिनं सोळा कुठं आहे ते विचारून घेतलं होतं. नवीतलं पाणी जुनीच्या निम्म्यावरही येत नव्हतं.

आता सांगायला लाज वाटते, पण मी त्या दोन सिरिंजांकडं बघितलंच नाही. मी तिच्याकडं बघत होते. पाचजणींसमोर, माझ्या वर्गात, सही करता न येणारी एक बाई मला सांगत होती की माझं औषध कमी भरतंय.

“सोळा म्हणजे किती, शेवंता?”

“सोळा म्हणजे सोळा.”

“ह्या सिरिंजेवर सोळाच आहे ना?”

“व्हय.”

“त्या सिरिंजेवर?”

“सोळाच. पण बाई, तुम्ही आकडा बघतासा, मी औषध बघतो. कांडी मोठी असली नि सूत तेवढंच गुंडाळलं, तर कांडी भरली म्हणायची का?”

बायका हसल्या. यावेळी कुणावर हसल्या ते मला नीट कळलं नाही, आणि त्यानंच माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातातून दोरा बांधलेली जुनी सिरिंज घेतली, सुया टाकायच्या डब्यात फेकली आणि झाकण लावलं. एकच सुई महिनाभर वापरता, दातानं दोरे तोडता आणि वर मला शिकवता, असं बरंच काही बोलले. कांड्या आणि इन्सुलिन यांतला फरकही समजावून सांगितला. मग तिला पुठ्ठ्यासमोर उभं करून ते वाक्य म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. रडली नाही, चिडली नाही. डबा बंद केला आणि मागं जाऊन बसली.

मग गणपती आले आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या साखरा चढल्या. एकशे ऐंशी, दोनशे पाच, एकशे नव्वद. मला आश्चर्य वाटलं नाही, मी वाटच बघत होते. घराघरात मोदक, खिरापत, पंचखाद्य, आणि या बायका म्हणजे जिभेच्या गुलाम, असं माझं ठाम मत होतं. एकेकीला उभं करून मी विचारलं, किती मोदक झाले? त्यांनी देवाची शपथ घेतली, की मी म्हणायचे, देवाला मध्ये आणू नका, त्याच्याच ताटातलं खाल्लंय तुम्ही. यावर मी स्वतःच खूश व्हायचे.

सुचेताची साखर दोनशे अठरा होती. हे मात्र मला लागलं. तिला बाजूला घेतलं आणि विचारलं. ती कानापर्यंत लाल झाली. सासूनं हौसेनं डोहाळजेवण केलं होतं, झाकलेल्या वाटीखाली पेढा निघाला होता, मुलगा होणार म्हणून बायकांनी गलका केला होता, आणि तो पेढा तिच्या तोंडाला लावला होता. फक्त लावला, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तोंडाला लावलेला पेढा रक्तात उतरतो का? तिनं वही उघडून दाखवली. रोज वीस युनिट सकाळी, वीस संध्याकाळी, एकही वेळ चुकलेली नाही. मी तिच्या दोन पोळ्यांची एक केली, भात बंद केला आणि फाईलमध्ये लिहिलं, “पथ्य पाळत नाही.” खाली सही.

राहिली शेवंता. तिची साखर एकशे चार.

मी पट्टी बदलून पुन्हा तपासली. एकशे एक. मला आनंद व्हायला हवा होता, मला संशय आला. तिला म्हटलं, माझ्यासमोर भर. तिनं बाटली पालथी धरली, ओढायला लागली. केशरी टोपणाच्या सिरिंजेवरही तिनं दोरा बांधला होता, पण तो दोरा सोळावर नव्हता, चाळीसच्या आकड्यावर होता.

चाळीस युनिट! इतकं इन्सुलिन गेलं तर बाई बसल्या जागी घाम येऊन कोसळते, पोटातलं मूलही जातं. हे मी त्याच शब्दांत आणि बऱ्याच मोठ्या आवाजात तिला सांगितलं. दोन पोरं घालवलीस, आता तिसरंही स्वतःच्या हातानं घालवणार आहेस का, असंही म्हणाले. हे वाक्य मी बोलले होते. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून ते हलकं करायची आता सोय नाही.

शेवंता अगदी हळू म्हणाली, “मग चाळीस घेऊन मी उभा कसा हाय, बाई?”

याचं उत्तर माझ्या कोर्समध्ये नव्हतं. म्हणजे होतं, चांगलं दोन पानं होतं, पण जिला आपण पहिल्या आलो हे आठवत असतं तिला आत काय होतं ते आठवायची गरज वाटत नाही. मी तिला गप्प बसायला सांगितलं, दोरा कापला आणि माझ्यासमोर सोळापर्यंतच भरायला लावलं. तिनं निमूट भरलं, पोटऱ्या झाकत मांडीवर टोचून घेतलं, सुईचं टोपण लावलं. उद्यापासून वर्गाला येऊ नकोस, थेट बाळंतपणालाच ये, असं सांगून मी तिचं नाव हजेरीतून खोडलं.

त्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी फायली बघितल्या. ते एका फाईलला अर्धं मिनिट द्यायचे, त्यातही फोन वाजायचा. सगळ्यांच्या साखरा वाढलेल्या बघून त्यांनी विचारलं, डोस वाढवायचा का? मी म्हटलं, सर, औषध बरोबर आहे, तोंड बरोबर नाही. ते हसले आणि सह्या केल्या. आम्हा दोघांनाही ते वाक्य आवडलं.

पाहणी पथक आलं त्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले होते. पुण्याच्या मंडळींनी प्रमाणपत्र वाचलं, पुठ्ठा वाचला, बायकांकडून वाक्य ऐकलं. सुचेतानं आपली वही दाखवली. तिचा चेहरा सुजला होता, पावलं सुजली होती. नववा महिना म्हणजे सूज येतेच, असं मी पाहुण्यांना सांगितलं. तिची त्या दिवशीची साखर दोनशे सेहेचाळीस होती. तो आकडा मी पाहुण्यांना सांगितला नाही.

सगळे चहाला गेल्यावर तिनं मला व्हरांड्यात थांबवलं.

“सिस्टर, मी खरंच काही खात नाहीये. भूक लागून झोप येत नाही इतकं कमी खाते. औषध तर कमी पडत नसेल ना?”

तिच्या वहीतल्या शंकेच्या रकान्यात तिनं तेच लिहिलं होतं. खूण करायची जागा मोकळी होती.

“सुचेताताई, तुम्ही शिक्षिका आहात,” मी म्हटलं. “गृहपाठ न केलेली मुलं काय काय कारणं सांगतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.”

ती ओशाळली. माफ करा म्हणाली. मग मोकळ्या जागेत तिनं माझ्यादेखत खूण केली आणि वही मिटली.

रविवारी शेवंता बाळंत झाली. मुलगी, दोन किलो नऊशे ग्रॅम, आल्या आल्या वॉर्ड डोक्यावर घेणारी. सोमवारी सकाळी सुचेता रिक्षातून आली. रात्रीपासून पोटातली हालचाल थांबली होती. डॉक्टरांनी इकडून तिकडून यंत्र लावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. संध्याकाळी तिला कळा आणून मोकळं केलं. मुलगा होता. पूर्ण वाढलेला, गुटगुटीत, साडेचार किलोचा. तिची सासू कोपऱ्यात उभी राहून म्हणत होती, की पेढाच निघाला होता, बरोबर पेढाच निघाला होता.

आमच्या इस्पितळाची अक्कल अशी, की मूल गेलेल्या बाईलाही त्यांनी त्याच बाळंतिणींच्या वॉर्डात आणून टाकलं. खाटा रिकाम्या तिथंच होत्या. सुचेता खिडकीकडच्या खाटेवर, आणि वाटेच्या पलीकडं समोर शेवंता, कुशीत पोर घेऊन.

मंगळवारी सकाळी मी फेरीवर गेले तेव्हा शेवंतानं मला हातानं जवळ बोलावलं. उशाखालून स्टीलचा डबा काढला. आत पुन्हा दोन सिरिंजा. लाल टोपणाची तिनं, मी जुनी फेकली त्याच दिवशी, बाजारातल्या औषधाच्या दुकानातून आणवली होती.

“आता माझं पोर सुखरूप हाय,” ती म्हणाली. “आता तुम्हाला माझ्यावर रागवायचं कारण न्हाई. आता तरी बघा बाई. तुम्ही दोरा कापलासा त्या दिवशी तुमच्यासमोर थोडं घेतलं, आणि घरी जाऊन उरलेलं घेतलं. दुसरा दोरा बांधून घेतला. रोज तेवढंच घेत आलो, आधी घेत हुतो तेवढं. आकडा कुठला ते मला ठाऊक न्हाई.”

मी डबा घेऊन वर्गाच्या खोलीत गेले आणि दार लावलं. वाटीत पाणी घेतलं. लाल सिरिंजेनं सोळापर्यंत ओढलं, औषधाच्या एका रिकाम्या टोपणात सोडलं. मग तेच पाणी केशरी सिरिंजेनं ओढलं. ते सोळाला थांबलं नाही. वीस, तीस, आणि चाळीसच्या रेघेवर टेकलं, जिथं शेवंताचा दोरा होता तिथंच.

मग मी चष्मा लावून वाचलं. कोर्समध्ये ज्या दोन पानांवर मी पूर्ण गुण मिळवले होते, तेच त्या नळीवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. लाल सिरिंज चाळीस ताकदीच्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट असलेल्या औषधाची, केशरी शंभर ताकदीच्या. आमच्या बाटल्या सगळ्या चाळीसच्या. केशरी सिरिंजेवर आकडा बघून भरलं, की ठरलेल्या औषधातलं निम्मंही अंगात जात नाही. सुचेता तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ वीसच्या जागी आठ युनिट घेत होती, एकही वेळ न चुकवता, तांबड्या समासाच्या आत लिहून ठेवत. आकडा खोटं बोलत नाही, हे पुठ्ठ्यावर माझ्या डोक्याच्या मागंच होतं.

मी काय केलं ते क्रमानं सांगते. केशरी सिरिंजांचा उरलेला खोका स्टोअरला परत केला आणि कारणाच्या जागी लिहिलं, “टोपणं सैल.” वर्गातल्या चौघींच्या घरी निरोप पाठवला, की केशरी वापरू नका, लाल घेऊन जा, बाकी काही बदल नाही. पुढच्या गुरुवारी चौघींच्या साखरा उतरल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, कुलथे सिस्टरांनी दम भरला की बायका सुतासारख्या सरळ येतात. त्या चौघींची मुलं जगली, त्यातलं एक मूल दोन आठवडे काचेच्या पेटीत होतं एवढंच. वर्ष संपताना ट्रस्टनं मला शाल आणि नारळ दिला. मी तो घेतला आणि गाव सोडलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी चार वाजता मी वॉर्डात गेले ती सांगायलाच. एप्रनच्या खिशात दोन्ही सिरिंजा होत्या. काय बोलायचं ते मी जिन्यात ठरवलं होतं. तुमची काही चूक नव्हती, चूक माझी होती, हे बघा. इतकं सोपं होतं. सुचेताला दाखवलं असतं तर एका मिनिटात समजलं असतं, ती वर्गात पहिलीच होती.

तिची सासू पायथ्याशी स्टुलावर बसली होती. सुचेता माझ्या आधीच उठून बसायला लागली. मी म्हटलं, पडून राहा. तिनं माझा हात धरला.

“सिस्टर, मी तुमच्याशी खोटं बोलले. पेढा नुसता तोंडाला लावला नव्हता. मी अख्खा खाल्ला. मग सगळ्या गेल्यावर आणखी अर्धा. नऊ वर्षांनी झालं होतं ना सगळं, मला फार खावासा वाटला.” तिला रडूही येत नव्हतं. “तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी केलं असतं. तुम्ही शिकवण्यात काही कमी ठेवली नव्हती. मीच...”

सासूनं मान वळवून सुनेकडं बघितलं. ती नजर मी आजही विसरले नाही. पुढची सगळी वर्षं त्या घरात सुचेताकडं कसं बघितलं जाणार आहे, ते मला त्या एका नजरेत दिसलं. दीड पेढा. दीड पेढ्यानं एका दिवसाची साखर चढेल, तीन आठवड्यांची नाही, हे मला कोर्स न करताही कळत होतं.

माझा दुसरा हात खिशात होता. सिरिंजा बोटांना लागत होत्या. मला फक्त हात बाहेर काढायचा होता.

“होतं असं,” मी म्हटलं. “आता मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी पथ्य सांभाळा.”

मी तिला माफ केलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला, आणि सासू म्हणाली, सिस्टर आहेत म्हणून एवढं गोड बोलल्या, दुसरं कुणी असतं तर बोल लावला असता.

मी वळले. वाटेच्या पलीकडं शेवंता जागी होती. चार हातांचं अंतर, तिला सगळं ऐकू आलं होतं. तिच्या खाटेजवळून जाताना तिनं मला हळूच विचारलं, सासूला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

“सांगितलासा त्यांना?”

“सांगितलं,” मी म्हटलं.

तिनं एकदा माझ्या खिशाकडं बघितलं, एकदा समोर सुचेताकडं बघितलं. मग तिनं पोरीला उचललं, दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि माझ्याकडं पाठ केली.